एकसष्ट टक्के

एकसष्ट टक्क्यांवर खिडकी गायब होते.
आवाज नाही, निरोप नाही,
मागे उरतो डेस्कटॉपचा निळा.
टर्मिनलमधून चालवलं तर शेवटी एक ओळ:
सेगमेंटेशन फॉल्ट.
म्हणजे माधोगंजात कुणी विचारावं,
पागनीस कुठे राहतात हो?
आणि आपण सांगावं, राहतात.

काल रात्री कॅश पुसली.
ग्राफिक कार्डाला रजा दिली.
सेटिंगांची फाईल उचलून लपवून ठेवली,
त्याला वाटावं, आपण आज पहिल्यांदाच भेटतोय.
जुनी आवृत्ती टाकली, मग तिच्याहून जुनी.
अठरा मिनिटांचे एकसष्ट टक्के म्हणजे अकराव्या मिनिटाचा काठ,
तिथे जाऊन पाहिलं:
खिडकी. खिडकीत मांजर. निर्दोष.
लॅपटॉपचा पंखा घरघरत होता, त्यावर हात शेकले,
जानेवारीतल्या ग्वाल्हेरात तेवढाच फायदा.

फुकटचं सॉफ्टवेअर, भांडायला दुकान नाही.
कुठल्या तरी गावी कुणीतरी
नोकरीवरून आल्यावर, पानं वाढेपर्यंतच्या तासात
हे लिहिलेलं असणार.
शिवी ओठांवर येते
आणि तो ताटावर वाट बघायला लावणारा माणूस दिसतो.
गिळते.

सकाळी पागनीसकाका स्वतःच आले, गजक घेऊन.
फिल्म त्यांच्यावरचीच:
बेचाळीस वर्षं लोकांच्या पेट्या उघडतायत.
रविवारी मंडळात दाखवायची, पत्रिका वाटून झाल्यात.
"झालं का?"
मी सगळं सांगितलं. कॅश, कार्ड, आवृत्त्या.
त्यातलं एक अक्षर त्यांना कळलं नाही,
आणि ते म्हणाले, "म्हणजे न दाबता बोलतेय."

मग गजकचा कागद सोडत:
"अशी पेटी आली की मी अर्ध्या सुरांवर कापड टाकतो
आणि भाता मारतो.
फुसफुस थांबली तर चोर कापडाखाली.
नाही तर उरलेल्यात.
मग त्याचं अर्धं. मग त्याचंही.
कानस शेवटी घ्यायची असते, बेटा.
लोक आधी कानस घेतात."

मी टाइमलाइनवर कापड टाकलं.
पहिली नऊ मिनिटं झाकली: पडलं.
साडेचार झाकली.
सव्वादोन.
एकदा मध्येच सुरळीत गेलं
तेव्हा आम्ही दोघंही दचकलो.
सातव्या खेपेला एकच क्लिप उरली,
चौदाव्या मिनिटातली, बारा सेकंदांची.
टक्के खोटं बोलत होते.

छत्री बाजारातलं दुकान, माझ्या फोनवर घेतलेलं.
काका कानस चालवतायत,
बाहेर कुणी ओरडतं, "लाइट गई!"
आणि काळोख.
फोन अंधारात सावकाश बघतो, आपल्यासारखाच:
सेकंदाला तीस चित्रं, मग चोवीस, मग अकरा.
सॉफ्टवेअर मात्र तीस धरूनच चाललेलं,
जिना संपला हे न कळता
पुढच्या पायरीवर पाय टाकावा तसं.

"कापून टाकू? बाराच तर सेकंद."
त्यांनी इयरफोन मागितले. उलटे घातले.
काळोखात कानस थांबलेली नव्हती.
तीन घास, एक दाब. किंचित खाली.
पुन्हा टोकाशी एकच घास.
"कोमल धैवत," काका म्हणाले,
"हट्टी होता. दिसत नव्हतं म्हणूनच लागला बहुतेक."
आणि थोड्या वेळाने, "राहू दे."

क्लिप पुन्हा नव्याने बांधली,
प्रत्येक सेकंदाला पंचवीस चित्रं, मोजून.
साठ.
एकसष्ट.
बासष्ट हा आकडा मी पहिल्यांदा पाहिला.
काका शंभरपर्यंत थांबले नाहीत,
कंपूतली एक पेटी दुपारी द्यायची होती.
दारातून म्हणाले, गजक संपव, मऊ पडेल.

मग त्या ताटावरच्या माणसाला लिहायला बसले:
काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं.
सोबत ती बारा सेकंदं जोडली, मुळातली, न दुरुस्त केलेली.
त्याला दिसणार काहीच नाही.
पण आवाज वाढवला
तर सूर लागताना ऐकू येईल.